चाल वाढवावी कशी?

१८६५ साली एक मनुष्य नेपाळच्या वाटेने तिबेटात शिरला. त्याच्या एका हाती जपमाळ व दुसऱ्या हाती प्रार्थनाचक्र असे. पाहणाऱ्यास तो एखादा भाविक यात्रेकरू वाटावा, अशीच त्याची योजना होती. परंतु त्याच्या माळेत १०८ मणी नव्हते, १०० होते. दर शंभर पावलांना तो एक मणी पुढे सरकवी. माळेचा एक फेरा पुरा झाला म्हणजे दहा हजार पावले झाली, असा त्याचा हिशेब असे. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या कागदांऐवजी दिशा, अंतरे व उंची ह्यांच्या नोंदींचे कागद दडविलेले होते.

हा प्रवासी म्हणजे कुमाऊँमधील मिलम गावचे शाळामास्तर पंडित नैन सिंग रावत. तिबेटात परकीयांना त्या काळी प्रवेश नव्हता. त्यामुळे भारताच्या सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन माँटगोमेरी ह्यांनी हिमालयाच्या परिसरातील काही लोकांना ह्या कामासाठी तयार केले. चढ असो, उतार असो वा सपाटी असो, प्रत्येक पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे, असे शिक्षण त्यांना देण्यात आले होते. १८६६ च्या जानेवारीत नैन सिंग ल्हासाला पोहोचले. त्यांनी मोजलेली पावले, होकायंत्राने घेतलेल्या दिशा आणि उकळत्या पाण्याच्या तापमानावरून काढलेली उंची ह्यांच्या आधारे त्या प्रदेशाचा नकाशा तयार झाला. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक देऊन गौरविले.

ह्या कथेत सामान्य माणसाच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. चढावर पाऊल आपोआप आखूड पडते आणि उतारावर त्याची लांबी बदलते. चालणारा त्याचा विचारही करीत नाही. असे असताही अभ्यासाने ते पाऊल नियमात आणता आले. चाल ही जन्मतः मिळालेली व कधीही न बदलणारी वस्तू नव्हे. तिचे मोजमाप करता येते, तिच्यात दोष असल्यास ते ओळखता येतात आणि थोड्या चिकाटीने ती सुधारताही येते. ती कशी सुधारावी हे समजण्यासाठी, मनुष्य चालतो म्हणजे नेमके काय करतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. पण त्याआधी, ती सुधारण्याची गरज तरी काय, ह्या प्रश्नाचे उत्तर हवे.

चालीची कसोटी

घरापासून बाजारापर्यंतचे दोन किलोमीटर एखाद्याने २६ मिनिटांऐवजी २२ मिनिटांत काटले, तर त्याची चार मिनिटे वाचतात. हा लाभ फार मोठा नव्हे. चालीचे खरे महत्त्व रस्ता ओलांडताना कळते.

पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती वेळ ठेवावा हे ठरविताना अभियंत्यांना चालण्याचा एखादा वेग गृहीत धरावा लागतो. अनेक देशांत हा वेग सेकंदास १.२ मीटर धरण्याची वहिवाट आहे. रस्ता १४ मीटर रुंद असेल, तर ह्या वेगाने तो बारा सेकंदांच्या आत ओलांडला जातो. परंतु ज्याचा वेग सेकंदास ०.८ मीटर आहे, त्याला साडेसतरा सेकंद लागतात. म्हणजे दिवा बदलतो तेव्हा तो मनुष्य रस्त्याच्या मध्याच्या थोडासाच पुढे गेलेला असतो आणि दोन्ही बाजूंची वाहने निघण्याच्या तयारीत असतात. हे उदाहरण काल्पनिक नव्हे. इंग्लंडमधील ६५ वर्षांवरील तीन हजारांहून अधिक लोकांच्या चालण्याचा वेग तपासणारा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदास ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला. बहुसंख्य वृद्धांना दिव्याने दिलेला वेळ अपुरा होता.

चालीचा वेग आरोग्याचेही माप आहे. चालताना हृदय, फुप्फुसे, स्नायू, सांधे, डोळे आणि मज्जासंस्था ह्या सर्वांना एकत्र काम करावे लागते. त्यांपैकी एकात बिघाड झाला तरी त्याची खूण चालीत उमटते. २०११ मध्ये अमेरिकेत नऊ दीर्घकालीन अभ्यासांची माहिती एकत्र करण्यात आली. ६५ वर्षे व त्यापुढील वयाच्या ३४,४८५ व्यक्तींच्या ह्या माहितीवरून असे दिसले की, ज्यांचा नेहमीचा वेग अधिक, ते सरासरीने अधिक वर्षे जगले. ह्याचा अर्थ मात्र विवेकाने लावला पाहिजे. तापमापकातील पारा खाली आणल्याने ताप उतरत नाही. त्याचप्रमाणे एखादे दिवशी बळेच भरभर चालल्याने आयुष्य वाढत नाही. वेग हा शरीराच्या सामर्थ्याचा दर्शक आहे. सामर्थ्य वाढविले तर वेग वाढतो, आणि नियमित चालणे हा ते सामर्थ्य वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

उलटा लंबक

चालणे आणि धावणे ह्यांत मूलभूत फरक आहे. धावताना दोन्ही पाय क्षणभर जमीन सोडतात. चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो आणि काही क्षण दोन्ही असतात. एका पायाचे एक पूर्ण आवर्तन घेतले, तर त्यातील सुमारे साठ टक्के वेळ तो जमिनीवर टेकलेला आणि सुमारे चाळीस टक्के वेळ हवेत पुढे झुलत असतो.

हवेत झुलणारा पाय घड्याळाच्या लंबकासारखा असतो, हा विचार जर्मनीतील वेबर बंधूंनी १८३६ च्या आपल्या ग्रंथात मांडला होता. जमिनीवर टेकलेला पाय हाही एक प्रकारचा लंबकच आहे, पण उलटा. त्याचे टोक जमिनीवर स्थिर असते आणि खुब्यापासून वरचे शरीर त्यावरून कमानीसारख्या मार्गाने पुढे सरकते. पाय सरळ उभा असताना शरीराचा गुरुत्वमध्य सर्वांत वर असतो. दोन्ही पाय फाकलेले असताना सर्वांत खाली. हा चढउतार सुमारे चार-पाच सेंटिमीटरांचा असतो.

ह्या चढउतारात निसर्गाची मोठी काटकसर दडलेली आहे. शरीर वर चढताना त्याचा वेग किंचित कमी होतो, म्हणजे गतिज ऊर्जेचे स्थितिज ऊर्जेत रूपांतर होते. शरीर खाली उतरताना तीच ऊर्जा पुन्हा वेगाच्या रूपाने परत मिळते. इटलीतील शास्त्रज्ञ काव्हान्या व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६० व १९७० च्या दशकांत केलेल्या मोजणीनुसार, मध्यम वेगाने चालताना ह्या देवघेवीमुळे साठ टक्क्यांहून अधिक ऊर्जेची बचत होऊ शकते. मनुष्य तासन्‌तास चालू शकतो ह्याचे एक मुख्य कारण हेच.

उरलेली ऊर्जा कोठे जाते? पुढचे पाऊल जमिनीवर टेकते तेव्हा खाली येणाऱ्या शरीराची दिशा बदलून ते पुन्हा वर न्यावे लागते. ह्या क्षणी पुढचा पाय काही अंशी गतिरोधकाचे काम करतो. ती हानी मागचा पाय भरून काढतो. पोटरीचे स्नायू टाचेमागील कंडरा ओढतात, घोटा सरळ होतो आणि चवडा जमिनीला मागे रेटतो. जलद चालीचे रहस्य ह्या मागच्या रेट्यात आहे. पाय पुढे किती लांब फेकला, ह्यापेक्षा मागच्या पायाने जमिनीला किती चांगला रेटा दिला, हे अधिक महत्त्वाचे.

सर्वांत कमी खर्चाचा वेग

मोटारीला ज्याप्रमाणे कमीत कमी इंधन लागणारा एक वेग असतो, त्याप्रमाणे तो मनुष्यालाही असतो. अमेरिकेतील संशोधक राल्स्टन ह्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसले की, सपाट जमिनीवर ताशी ४.५ ते ५ किलोमीटरच्या दरम्यान चालताना प्रत्येक किलोमीटरमागे ऊर्जेचा खर्च सर्वांत कमी येतो. चालणाऱ्या लोकांना आपल्या मर्जीने चालू दिले, तर तेही बहुधा ह्याच्या जवळपासचाच वेग निवडतात. कोणतेही गणित न करता शरीराने काढलेले हे उत्तर आहे.

ह्याहून भरभर चालले तर खर्च वाढतो, हे कोणालाही पटेल. परंतु ह्याहून बरेच हळू चालले तरीही प्रत्येक किलोमीटरमागचा खर्च वाढतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. रेंगाळत चालताना लंबकाची देवघेव नीट होत नाही आणि शरीर उभे ठेवण्याचा खर्च मात्र तितकाच वेळ चालू राहतो. प्रदर्शनात दोन तास रेंगाळणारा मनुष्य तेवढेच अंतर सरळ चालून गेलेल्या मनुष्यापेक्षा अधिक थकतो, त्याचे हे एक कारण होय.

लांब पाऊल की झटपट पाऊल?

चालीचा वेग दोनच गोष्टींवर ठरतो : पावलाची लांबी आणि मिनिटास पडणाऱ्या पावलांची संख्या. पाऊल ७० सेंटिमीटरांचे असेल आणि मिनिटास ११० पावले पडत असतील, तर मिनिटास ७७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४.६ किलोमीटर अंतर काटले जाते. पाऊल ७५ सेंटिमीटर आणि संख्या १२० झाली, की वेग ताशी ५.४ किलोमीटर होतो. पाच सेंटिमीटर आणि दहा पावले, एवढाच काय तो फरक.

जलद चालण्याचा निश्चय करणारा मनुष्य बहुधा पहिली चूक हीच करतो, की तो पाय शक्य तितका पुढे फेकू लागतो. पाऊल शरीराच्या फार पुढे पडले की टाच जमिनीवर आदळते, गुडघ्यास हिसका बसतो आणि गतिरोध वाढतो. मिनिटास पडणारी पावले तेवढीच ठेवून केवळ लांबी वाढविली, तर पावलापावलामागे होणारी ही हानी भरून काढण्याचे काम लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे २००२ साली अमेरिकेत केलेल्या प्रयोगांतून दिसून आले. लांबी एक-दशांशाने वाढविली, तर हे काम जवळजवळ दीडपट होते. म्हणून आरंभी पावलांची संख्या वाढवावी व लांबीकडे दुर्लक्ष करावे. पोटरीचा रेटा सुधारला की पाऊल आपोआपच थोडे लांब पडू लागते. आणि ते पुढच्या बाजूस नव्हे, तर मागच्या बाजूस लांबते.

हातांचाही ह्यात वाटा आहे. डावा पाय पुढे जाताना उजवा हात पुढे येतो व त्यामुळे धडाला बसणारा पीळ कमी होतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हात शरीराला बांधल्यासारखे स्थिर ठेवून चालणाऱ्यांना सुमारे बारा टक्के अधिक ऊर्जा लागली. खिशात हात घालून किंवा मोबाइलच्या पडद्यावर नजर लावून चालणारा मनुष्य हा लाभ गमावतो. जड पिशवी रोज एकाच हातात धरली तरी हाच परिणाम होतो. ओझे पाठीवर घेतले किंवा दोन हातांत वाटले, तर चाल मोकळी राहते.

चालीची मर्यादा

चालण्याचा वेग हवा तेवढा वाढविता येत नाही. शरीर कमानीच्या मार्गाने सरकते, म्हणजे ते वर्तुळाच्या एका भागावरून जाते. अशा मार्गावर त्याला धरून ठेवण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. वेग फार वाढला की गुरुत्वाकर्षण त्याला पुरे पडत नाही आणि पाऊल जमीन सोडू पाहते. पायाची लांबी ०.९ मीटर धरली, तर ही कमाल मर्यादा ताशी सुमारे १०.७ किलोमीटर येते. प्रत्यक्षात मनुष्य त्याच्या कितीतरी आधी, ताशी सुमारे साडेसात किलोमीटरच्या आसपास, चालणे सोडून धावू लागतो.

हे गणित पायाच्या लांबीवर अवलंबून असल्यामुळे, ज्या बालकाचा पाय ०.६ मीटरचा आहे त्याला ताशी सहा किलोमीटरच्या थोड्या पुढेच धावावे लागते. आईचे किंवा वडिलांचे बोट धरून भरभर जाताना मूल मध्येच दुडदुडू लागते. तो त्याचा खोडकरपणा नव्हे. यंत्रशास्त्राच्या नियमाप्रमाणेच ते वागत असते. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक-षष्ठांश आहे. तेथे ही मर्यादा, गणिताने पाहता, ताशी तीन किलोमीटरच्या आसपास येते. १९६९ पासून तेथे उतरलेल्या अंतराळवीरांनी चालण्याऐवजी उड्या मारीत जाणे पसंत केले, त्याचे एक कारण हे होते आणि दुसरे म्हणजे त्यांचा अवजड पोशाख.

शर्यतीत चालणारे खेळाडू ह्या मर्यादेच्या पलीकडे जातात. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत भारताच्या प्रियांका गोस्वामी ह्यांनी १०,००० मीटर चालण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. त्यांना ४३ मिनिटे ३८.८३ सेकंद लागली, म्हणजे त्यांचा वेग ताशी सुमारे १३.७ किलोमीटर होता. अशा शर्यतीत पंचांच्या उघड्या डोळ्यांना दोन्ही पाय जमीन सोडताना दिसता कामा नये, आणि पुढचा पाय टेकल्यापासून तो उभ्या रेषेत येईपर्यंत गुडघा सरळ असला पाहिजे, असे नियम आहेत. हे खेळाडू कंबर इतकी फिरवितात की गुरुत्वमध्याची कमान जवळजवळ सपाट होते. नित्याच्या चालण्यात ह्याचे अनुकरण करण्याचे कारण नाही; परंतु कंबरेच्या हालचालीने पाऊल लांबते, एवढे त्यांच्याकडून शिकता येते.

आपली चाल मोजणे

सुधारणेचा आरंभ मोजमापापासून करावा. शाळेच्या मैदानावर १०० मीटर अंतर टेपने मोजून दोन खुणा कराव्यात. पहिल्या खुणेच्या पाच-सहा मीटर आधीपासून चालू लागावे, म्हणजे खुणेपाशी येईपर्यंत चाल नेहमीसारखी झालेली असते. एकाने चालत पावले मोजावीत आणि दुसऱ्याने घड्याळ पाहावे.

समजा, १०० मीटरला ८६ सेकंद लागले आणि १४३ पावले पडली. १०० ला ८६ ने भागले असता वेग सेकंदास १.१६ मीटर येतो, त्यास ३.६ ने गुणले असता ताशी ४.२ किलोमीटर होतात. १०० ला १४३ ने भागले की पावलाची लांबी ०.७ मीटर मिळते. १४३ पावले ८६ सेकंदांत, म्हणजे मिनिटास सुमारे १०० पावले. हे तीन आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. वर्गातील सर्वांचे आकडे फळ्यावर मांडले आणि प्रत्येकाच्या पायाची लांबी त्यांच्याशेजारी लिहिली, तर लांब पाय व लांब पाऊल ह्यांचा संबंध विद्यार्थ्यांना स्वतःच शोधून काढता येईल.

प्रौढ माणसाच्या बाबतीत मिनिटास १०० पावले ही मध्यम श्रमाची आणि १३० पावले ही जोराच्या श्रमाची ढोबळ खूण मानली जाते. शाळेतील कवायतीत ‘तेज चल’ ह्या हुकुमावर पडणारी पावले मिनिटास सुमारे १२० असतात. म्हणजे सेकंदाला दोन पावले. ही लय एकदा कानात बसली की घड्याळाची गरज राहत नाही. आणखी एक सोपी कसोटी आहे : चालताना बोलता येते, परंतु गाता येत नाही, अशी अवस्था झाली की श्रम मध्यम प्रतीचे आहेत असे समजावे. बोलताही येईनासे झाले, तर चाल कमी करावी.

अभ्यासाची रीत

चाल एका दिवसात वाढत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत वेगाचा विचार न करता रोज वीस ते तीस मिनिटे नियमाने चालण्याची सवय लावावी. ह्या काळात लक्ष शरीराच्या ठेवणीकडे द्यावे. मान सरळ, नजर पंधरा-वीस पावले पुढे, खांदे सैल आणि हात मोकळे असावेत. टाच हलकेच टेकावी, पाऊल टाचेकडून चवड्याकडे यावे आणि शेवटी अंगठ्याने जमीन रेटून ते उचलले जावे.

तिसऱ्या आठवड्यापासून जलद व सावकाश चालण्याचे टप्पे आळीपाळीने घ्यावेत. जपानमधील मात्सुमोतो शहरात शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी हीच रीत मध्यमवयीन व वृद्ध लोकांवर वापरून पाहिली. तीन मिनिटे जलद व तीन मिनिटे सावकाश असे किमान पाच फेरे, आठवड्यातून चार किंवा अधिक दिवस, असा क्रम पाच महिने चालला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशा लोकांच्या गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंचे बळ तेरा टक्क्यांनी आणि गुडघा वाकविणाऱ्या स्नायूंचे बळ सतरा टक्क्यांनी वाढले. केवळ मध्यम गतीने चालणाऱ्यांना एवढा लाभ झाला नाही. ज्याला तीन मिनिटे जड वाटतील त्याने एका मिनिटापासून आरंभ करावा. दोन विजेच्या खांबांमधील अंतर जलद व पुढील दोन खांबांमधील अंतर सावकाश, असे माप घेतले तरी चालेल.

चालण्याबरोबरच पायांचे बळ वाढविणारे दोन सोपे व्यायाम करावेत. पहिला : भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा सावकाश उचलाव्यात व सावकाश खाली आणाव्यात. ह्याने पोटरीचा रेटा वाढतो. दुसरा : खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठावे व पुन्हा बसावे. ह्याने मांडीचे स्नायू बळकट होतात. प्रत्येकी दहा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस, एवढ्याने आरंभास पुरे होते. दर महिन्यास १०० मीटरची परीक्षा पुन्हा घ्यावी. वृद्धांच्या बाबतीत सेकंदास ०.१ मीटर एवढी वाढही मोलाची समजली जाते. वर सांगितलेल्या १४ मीटरच्या रस्त्यावर ०.८ मीटरचा वेग ०.९ झाला, तर सुमारे दोन सेकंद वाचतात.

किती चालावे, ह्याविषयी ‘दहा हजार पावले’ हा आकडा सर्वत्र ऐकू येतो. नैन सिंगांच्या माळेचा एक फेरा तेवढाच होता, हा निव्वळ योगायोग. आजचा हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानात विक्रीस आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावावरून रूढ झाला. त्यामागे तेव्हा काही संशोधन नव्हते. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार, साठीपुढील लोकांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत आणि त्याहून तरुणांना आठ ते दहा हजार पावलांपर्यंत वाढता लाभ दिसतो. त्यापुढे तो फारसा वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली. दररोज अर्धा तास जलद चालणारा मनुष्य ही मर्यादा सहज गाठतो.

सावधगिरी

चालताना छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा नेहमीपेक्षा फार धाप लागणे ही लक्षणे दिसली, तर थांबावे व वैद्यकीय सल्ला घ्यावा. हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघेदुखी असणाऱ्याने जलद चालण्यास आरंभ करण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. कोणाची चाल थोड्याच दिवसांत एकाएकी मंदावली, तर ‘वय झाले’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. त्यामागे एखादा आजार असू शकतो.

पादत्राण पायात घट्ट बसणारे, पण बोटांना मोकळीक देणारे असावे. सैल चपलेत ती निसटू नये म्हणून बोटांनी तिला धरून ठेवावे लागते. त्यामुळे पाऊल आखूड पडते. मधुमेह असणाऱ्याने अनवाणी चालू नये, कारण पायाची संवेदना कमी झाल्यास जखम कळत नाही. उन्हाळ्यात सकाळी किंवा सूर्य कलल्यावर चालावे व पाणी प्यावे. हिवाळ्यात उत्तर भारतातील अनेक शहरांत पहाटेची हवा धुराने जड झालेली असते. अशा दिवशी ऊन वर आल्यावर निघणे बरे.

रस्त्याकडून अपेक्षा

सर्वांची चाल वाढविणे शक्य नाही. संधिवाताने पीडित वृद्ध, गर्भवती स्त्री, काठी टेकीत जाणारा अंध मनुष्य किंवा बालकाचे बोट धरून चालणारी आजी ह्यांना कितीही अभ्यास सांगितला, तरी त्यांचा वेग सेकंदास १.२ मीटर होईलच असे नाही. त्यांच्यासाठी रस्त्यानेच आपली गती बदलली पाहिजे. अमेरिकेतील वाहतूक-नियमावलीने २००९ मध्ये पादचाऱ्याचा गृहीत वेग सेकंदास चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला. १४ मीटरच्या रस्त्यावर ह्यामुळे सुमारे दीड सेकंद अधिक मिळतो. रस्त्याच्या मध्यावर थांबण्यासाठी उंचवटा, सलग व मोकळी पदपथाची वाट आणि तिच्या कडेला उतरण्यासाठी सौम्य उतार, एवढ्या सोयींनीही पुष्कळ काम होते.

ज्या शाळेजवळ वाहतुकीचा दिवा आहे, तेथील विद्यार्थ्यांना आणखी एक प्रयोग करता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली, पदपथावरच उभे राहून, हिरवा दिवा किती सेकंद राहतो ते घड्याळाने पाहावे आणि रस्त्याची रुंदी पालिकेकडून विचारून घ्यावी. रुंदीला सेकंदांनी भागले की, तो रस्ता किती वेगाने चालणाऱ्यांसाठी बांधला आहे, हे कळते. मग घरी जाऊन आजी-आजोबांची चाल मोजावी. दोन्ही आकडे जुळत नसतील, तर ते वहीत लिहून पालिकेस कळवावेत.